भूमिकेचा बंदिवान

‘सायको ३’ या नांवाच्या चित्रपटावर चार पानें लिहावयाचीं म्हणजे आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडल्यावांचून राहणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. एक तर तो खुनांचा चित्रपट. त्यांतून दुसऱ्याच्या गाजलेल्या कृतीस जोडलेलें तिसरें शेपूट. आणि त्यांतूनहि, प्रमुख भूमिका करणाऱ्या नटानेंच दिग्दर्शकाच्या खुर्चीवर बसून केलेला. यांपैकीं कोणतेंहि एक कारण सुसंस्कृत प्रेक्षकास दूर ठेवण्यास पुरेसें आहे; येथें तर तिन्ही एकत्र जमलीं आहेत. १९८६ सालच्या जुलै महिन्याच्या २ तारखेस अमेरिकेंत तो लागला, थोडे दिवस चालला, आणि चित्रपटांच्या इतिहासग्रंथांत त्यास बहुधा एका ओळीपलीकडे जागा मिळत नाहीं. आम्हीं तो प्रथम पाहिला तो केवळ कुतूहलानें. दुसऱ्यांदा पाहिला तो मात्र मन लावून. जन्मभर एकाच भूमिकेनें बांधून टाकलेल्या नटाच्या हातीं अखेर सत्ता आली म्हणजे तो त्या भूमिकेचें काय करतो, हा प्रश्न ज्यास महत्त्वाचा वाटतो त्याच्या दृष्टीनें हा चित्रपट म्हणजे एक अस्सल कागद आहे. तो वाचावयाचा तर सव्वीस वर्षें मागें जावें लागतें.

१९५७ सालीं अमेरिकेच्या विस्कॉन्सिन संस्थानांतील प्लेनफील्ड या खेड्यांत एड गीन नांवाच्या इसमाच्या शेतघरांत पोलीस शिरले. तेथें त्यांना जें दिसलें त्याचें वर्णन करण्याचें येथें कारण नाहीं. मेलेल्या आईच्या आठवणीनें भ्रमिष्ट झालेला तो एकलकोंडा माणूस होता इतकें सांगितलें म्हणजे पुरे. त्याच प्रांतांत राहणाऱ्या रॉबर्ट ब्लॉक या लेखकानें या बातमीच्या धाग्यावर ‘सायको’ ही कादंबरी विणली आणि ती १९५९ सालीं प्रसिद्ध झाली. आल्फ्रेड हिचकॉक या इंग्रज दिग्दर्शकानें तिचे हक्क घेतले, आणि सुमारें आठ लक्ष डॉलरांच्या बेताच्या खर्चांत, आपल्या दूरचित्रवाणी मालिकेंतील कामगारांना हाताशीं धरून, रंगीत चित्रपटांच्या त्या काळांत मुद्दाम काळापांढरा चित्रपट केला. कथा पुष्कळांस ठाऊक असेल. मेरियन क्रेन नांवाची एक कारकून स्त्री मालकाकडील चाळीस हजार डॉलर घेऊन पळते, भर पावसांत वाट चुकून बेट्स मोटेलांत उतरते (मोटेल म्हणजे हमरस्त्यावरची मोटारवाल्यांची धर्मशाळाच म्हणा ना!) आणि स्नान करीत असतां एका म्हातारीच्या सुरीस बळी पडते. ती म्हातारी म्हणजे मोटेलचा लाजाळू तरुण मालक नॉर्मन बेट्स हाच असतो. आईस त्यानें स्वतःच विष घालून मारलेलें, तिचें प्रेत घरांत जपलेलें, आणि तिचा आवाज, तिचीं वस्त्रें व तिचा मत्सर हीं सारीं आपल्या अंगीं घेतलेलीं.

ब्लॉकच्या कादंबरींतला नॉर्मन चाळिशींतला, लठ्ठ, चष्मेवाला व दारूचें व्यसन असलेला आहे. त्यास पाहतांच वाचक सावध होतो. हिचकॉकनें त्या जागीं सत्तावीस वर्षांचा, सडपातळ, काळवंडल्या डोळ्यांचा, बोलतांना मध्येंच अडखळणारा अँटनी पर्किन्स उभा केला. चित्रपटाचें सारें यश या एका निवडींत सांठविलेलें आहे, असें आमचें मत आहे. त्यापूर्वीं १९५६ सालीं ‘फ्रेंडली पर्सुएजन’ या चित्रपटांत युद्धास धर्मबाह्य मानणाऱ्या क्वेकर कुटुंबांतील थोरल्या मुलाचें काम करून पर्किन्सनें नांव मिळविलें होतें, आणि ऑस्करसाठीं त्याची शिफारसहि झाली होती. तरुण मुलींच्या खोल्यांतून त्याच्या तसबिरी लागत. असा हा सभ्य, किंचित् बावरलेला मुलगा खुनी निघेल अशी शंका १९६० सालच्या प्रेक्षकास येणें शक्य नव्हतें. या कामाबद्दल त्यास मिळालेला मोबदला चाळीस हजार डॉलर होता. म्हणजे मेरियन जी रक्कम चोरून पळते नेमकी तेवढीच! योगायोग खरा, परंतु पुढें जें घडलें तें पाहतां हे पैसे त्यास फार महाग पडले असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

त्याच्या पूर्वायुष्यांतील एक गोष्ट येथें सांगणें जरूर आहे. त्याचा बाप ऑझगुड पर्किन्स हा न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील नामांकित नट. तो १९३७ सालीं हृदयविकारानें एकाएकीं वारला, तेव्हां अँटनी अवघा पांच वर्षांचा होता. पुढें प्रौढपणीं एका मुलाखतींत त्यानें मोकळेपणानें सांगितलें कीं, आईचें प्रेम सगळें आपल्यासच मिळावें म्हणून बाप नसावा असें लहानपणीं त्याच्या मनांत येई, आणि बाप खरोखरच गेला तेव्हां तें आपल्याच इच्छेचें फळ असें वाटून त्या पोरक्या मुलानें तो भार कित्येक वर्षें वाहिला. या कबुलीवरून नटाचें आयुष्य व भूमिका एकच होतीं असा निष्कर्ष काढणारे लेखक पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्या पंक्तीस बसूं इच्छीत नाहीं. त्याच्या खाजगी आयुष्याची जी बाजू त्यानें जगापासून झांकून ठेवली व मृत्यूनंतरच्या चरित्रकारांनीं उघडी केली, तिच्याकडेहि बोट दाखवून नॉर्मनचा अर्थ लावण्यांत येतो. तोहि आम्हांस घाईचा वाटतो. परंतु आई व मुलगा यांच्यामधील ती कोंदट खोली या नटास केवळ पुस्तकांतून ठाऊक झाली नव्हती, एवढें मान्य करण्यास हरकत नाहीं.

आतां एक विलक्षण गोष्ट. ‘सायको’ म्हणतांच जें दृश्य डोळ्यांपुढें येतें तें स्नानगृहांतील खुनाचें. पडद्यावर तें मिनिटभरहि टिकत नाहीं, तथापि १९५९ सालच्या डिसेंबरांत त्याच्या चित्रणास सात दिवस लागले. सुरी, पडदा, पाणी, उघडें तोंड, यांचे लहान लहान तुकडे शिंप्याच्या कौशल्यानें जोडून आणि बर्नार्ड हर्मनच्या तंतुवाद्यांच्या किंकाळ्या त्यांवर बसवून तो आभास उभा केलेला आहे. या सातहि दिवसांत पर्किन्स तेथें नव्हताच. ‘ग्रीनविलो’ या संगीत नाटकाच्या तालमींसाठीं तो न्यूयॉर्कला होता. पडद्याआडून सुरी उगारणारी ती सांवली एका बदली स्त्रीची आहे. म्हणजे ज्या कृत्यासाठीं जग जन्मभर त्याच्याकडे बोट दाखवीत राहिलें, तें त्यानें अभिनयांतसुद्धां केलेलें नव्हतें.

नटाच्या नांवास भूमिका चिकटण्याचा प्रकार आमच्या वाचकांस नवा नाहीं. गणपतराव जोशी म्हटले कीं जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढें हॅम्लेटच उभा राही, आणि त्यांत त्या नटाचा गौरवच होता. पण गणपतराव रोज नव्या प्रयोगांत नवा हॅम्लेट जिवंत करीत. चित्रपटाच्या नटास तें भाग्य नाहीं. त्याची भूमिका एकदां फितीवर उमटली कीं ती त्याच्यापासून वेगळी होऊन गांवोगांव फिरूं लागते, तो म्हातारा होतो व ती तरुणच राहते. पर्किन्स या सांवलीपासून पळाला. तो युरोपांत गेला. १९६१ सालीं ‘गुडबाय अगेन’ या चित्रपटांतील प्रेमी तरुणाच्या भूमिकेबद्दल कान येथील महोत्सवांत त्यास उत्कृष्ट नटाचें पारितोषिक मिळालें. १९६२ सालीं ऑर्सन वेल्सनें काफ्काच्या ‘द ट्रायल’ मध्यें त्यास जोसेफ के. ची भूमिका दिली. परंतु या भूमिकेंतहि तो न केलेल्या गुन्ह्याचा आरोपीच! अमेरिकेंत परतल्यावर त्याच्याकडे येणारीं कामें बहुतेक वेड्यांचीं, माथेफिरूंचीं किंवा ज्यांच्याकडे पाहून प्रेक्षकानें दचकावें अशा माणसांचीं. रंगभूमीवर मात्र त्याची बुद्धि मोकळी चाले. १९७० सालीं ‘स्टीमबाथ’ या नाटकाचें दिग्दर्शन करून त्यांत त्यानें प्रमुख भूमिकाहि केली, आणि स्टीफन साँडहाइम या संगीतकाराबरोबर लिहिलेल्या ‘द लास्ट ऑफ शीला’ (१९७३) या रहस्यपटाच्या पटकथेस अमेरिकेंतील रहस्यकथालेखकांचें एडगर पारितोषिक मिळालें. तात्पर्य, १९८६ सालीं दिग्दर्शकाच्या खुर्चीवर बसलेला माणूस अगदींच उपरा नव्हता.

मधल्या काळांत ‘सायको’ च्या बीजांतून एक धंदाच उगवला होता. त्यास तिकडे ‘स्लॅशर’ म्हणतात. एक सुरीवाला, चारदोन उल्लू तरुण-तरुणी, एकामागून एक मुडदे, आणि शेवटीं वांचलेली एखादी शहाणी मुलगी, असा त्याचा सांचा. जॉन कार्पेंटरनें १९७८ सालीं सव्वातीन लक्ष डॉलरांच्या आंतबाहेर ‘हॅलोवीन’ काढला व त्यावर कोट्यवधि डॉलर मिळाले. त्याची नायिका जेमी ली कर्टिस ही ‘सायको’ मधील मेरियनचें काम करणाऱ्या जॅनेट लीची मुलगी. कुळी कोणती हें सांगावयास याहून पुरावा नको. १९८० सालीं ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आला. त्यांत मुलासाठीं आई खून करते, म्हणजे नॉर्मनचीच गोष्ट उलटी करून विकलेली. याचे भाग तर पंचांगासारखे वर्षास एक या बेतानें निघूं लागले. त्याच १९८० सालच्या एप्रिलांत हिचकॉक वारला. तो असतांना ‘सायको’ ला दुसरा भाग जोडण्याची छाती कोणास झाली नव्हती. तो गेल्यावर तीन वर्षांत ‘सायको २’ पडद्यावर होता.

हा दुसरा भाग रिचर्ड फ्रँकलिन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकानें केला, आणि तो वाटला त्यापेक्षां बराच सभ्य निघाला. बावीस वर्षांनीं वेड्यांच्या इस्पितळांतून सुटलेला नॉर्मन घरीं परततो, सरळ वागण्याचा प्रयत्न करतो, आणि मेरियनची बहीण त्यास पुन्हां वेडा ठरविण्याचा कट रचते. पर्किन्सनें येथें एक नवी गोष्ट केली: प्रेक्षकास खुन्याची दया यावयास लावली. शेवटीं मिसेस स्पूल नांवाची एक वृद्धा येऊन ‘मीच तुझी खरी आई’ असें सांगते, आणि नॉर्मन शांतपणें तिच्या डोक्यांत फावडें घालून तिचें प्रेत माडीवर नेऊन ठेवतो. अमेरिकेंत या चित्रपटानें सुमारें ३ कोटी ४७ लक्ष डॉलर मिळविले. तिसरा भाग निघणार हें आतां ठरल्यासारखेंच होतें. युनिव्हर्सल या चित्रपटसंस्थेनें त्याचें दिग्दर्शन पर्किन्सकडे सोपविलें. वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं त्याचा हा पहिलाच दिग्दर्शित चित्रपट.

त्यानें हाताशीं धरलेलीं माणसें पाहिलीं म्हणजे त्याचा बेत समजतो. पटकथा चार्ल्स एडवर्ड पोगची. छायालेखक ब्रूस सर्टीझ. यास तिकडे ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत, इतका तो पडद्यावर काळोख ठेवण्यास धीट. कला-दिग्दर्शनास हेन्री बमस्टेड, ज्यानें हिचकॉकच्याच ‘व्हर्टिगो’ (१९५८) साठीं काम केलेलें होतें. संगीतास कार्टर बर्वेल, ज्याच्या नांवावर त्या वेळीं कोएन बंधूंचा ‘ब्लड सिंपल’ (१९८४) एवढाच काय तो चित्रपट होता. जुन्या घराण्याचे दोन उस्ताद आणि एक नवशिका, अशी ही मेळवणी. केवळ मुडद्यांची संख्या वाढवावयाची असती तर एवढ्या खटाटोपाची जरुरी नव्हती.

चित्रपट सुरू होतो तो काळ्या पडद्यावर. कांहीं दिसत नाहीं. एका तरुणीचा आक्रोश तेवढा ऐकूं येतो, आणि त्या आक्रोशांत ती ईश्वराचें अस्तित्वच नाकारते. मग एका ख्रिस्ती मठाच्या घंटाघरांत आपण येतों. मॉरीन नांवाची ही उमेदवार जोगीण वरून उडी टाकून जीव देण्याच्या विचारांत आहे. तिला आवरावयास आलेली दुसरी जोगीण झटापटींत खालीं पडून मरते. हें दृश्य ‘व्हर्टिगो’ मधील घंटाघराची उघड आठवण आहे, पण ती चोरी नव्हे. गुरूच्या घरीं प्रवेश करतांना उंबरठ्यास हात लावावा तसा तो प्रकार आहे. मठांतून हांकललेली मॉरीन उन्हांत करपलेल्या ओसाड रस्त्यावरून चालूं लागते. ड्यूक नांवाचा एक गवई भामटा तिला गाडींत घेतो, रात्रीं अंगचटीस येतो, आणि मग पावसांत सोडून देतो. ती ज्या मोटेलांत पोंचते तें कोणाचें, हें सांगावयास नको. ड्यूक तेथें आधींच नोकरीस लागलेला असतो.

नॉर्मन तिला पाहतो आणि चळतो. आंखूड कापलेले सोनेरी केस, आणि पेटीवर ‘एम. सी.’ हीं आद्याक्षरें. मॉरीन कॉइल, मेरियन क्रेन. खोलीहि तीच, एक नंबरची. येथें पर्किन्सनें स्वतःच्या मुद्रेकडून जें काम करून घेतलें आहे तें पाहण्यासारखें आहे. तो जवळजवळ कांहींच करीत नाहीं. मान किंचित् तिरकी होते, ओठ हलतात व थांबतात. परक्या दिग्दर्शकानें कदाचित् येथें अधिक मागितलें असतें. स्वतःस ओळखणाऱ्या दिग्दर्शकानें कमी मागितलें.

रात्र होते. माडीवरून आईचा आवाज येतो. म्हातारीचे कपडे घातलेली आकृति सुरी घेऊन स्नानगृहांत शिरते. प्रेक्षकास सव्वीस वर्षांपासून ठाऊक असलेला तो क्षण आतां येणार. पडदा बाजूस होतो. आणि आंत मारावयास कोणी उरलेलें नाहीं! टबांत मॉरीन आपल्याच हातानें मनगटें कापून रक्तांत पडलेली आहे. अर्धवट शुद्धींत ती वर पाहते तों तिला म्हातारी दिसत नाहीं, सुरी दिसत नाहीं. तेजोमय वस्त्रांतली मेरी माता हातांत रुपेरी क्रूस घेऊन उभी आहे असें तिला दिसतें, आणि तिच्या तोंडावर समाधान पसरतें. नॉर्मन भानावर येतो, तिला इस्पितळांत पोंचवितो, ती वांचते. ज्या स्नानगृहांत तो खुनी ठरला, त्याच स्नानगृहांत तो एका जिवाचा तारणहार ठरतो, आणि तोहि त्याच वेषांत, हातांत तीच सुरी असतां.

हें दृश्य नुसत्या कल्पनेचें चातुर्य म्हणून सोडून देतां येत नाहीं. १९५९ च्या डिसेंबरांत जो नट तेथें हजर नव्हता, तो आतां दिग्दर्शक म्हणून त्या खोलींत प्रथमच आला आहे, आणि आपल्या नांवावर लागलेला तो खून त्यानें होऊं दिलेला नाहीं. त्याच्या मनांत हा हिशेब होता कीं नाहीं हें सिद्ध करतां येणार नाहीं. पडद्यावर मात्र तो चुकता झालेला आहे. पुढील भाग आम्हांस या चित्रपटाचा गाभा वाटतो. मॉरीन इस्पितळांतून परत येते. एके सायंकाळीं तीं दोघें जेवावयास बाहेर जातात. दोन जखमी, लाजरीं माणसें एकमेकांशीं जपून बोलतात. स्लॅशर चित्रपटांत प्रेमिकांना एकत्र आणण्याचा हेतु त्यांस एकाच वारांत मारणें सोईचें जावें हाच काय तो असतो. येथें मात्र हीं दोघें खरोखरच सुखी व्हावींत असें प्रेक्षकास क्षणभर वाटून जातें.

अर्थात् धंद्याची पट्टी भरावी लागतेच. टेलिफोनच्या कोंडीसारख्या खोक्यांत एक खून, शौचकूपांत दुसरा. दोन्ही रक्तबंबाळ, आणि दोन्ही कथेस अनावश्यक. हे प्रसंग पाहतांना दिग्दर्शकाचें लक्ष दुसरीकडे आहे हें कळतें. याउलट जेथें भय आणि विनोद एकाच ताटांत वाढावयाचे असतात तेथें तो रंगांत येतो. बर्फाच्या पेटींत एका मुलीचें प्रेत दडविलेलें आहे. उन्हानें त्रासलेला फौजदार पेटीवर टेकून नॉर्मनशीं गप्पा मारतो, आणि बोलतां बोलतां रक्ताळलेले बर्फाचे खडे तोंडांत टाकतो. त्यास पत्ता नाहीं, आपल्यास आहे, आणि नॉर्मनच्या तोंडावरचें तें ओशाळें हास्य पाहून हंसावें कीं डोळे मिटावे हें कळत नाहीं. हिचकॉकला हा प्रसंग आवडला असता, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करतों.

रंगांचाहि येथें हिशेब आहे. दिवस पिवळा, धुळीचा, भाजून काढणारा. रात्र मोटेलच्या विजेच्या पाटीमुळें निळी व तांबडी. पहिला चित्रपट काळापांढरा होता. त्याच्या मागोमाग रंगीत भाग काढतांना फ्रँकलिननें रंग शक्य तितके दबविले होते. पर्किन्स व सर्टीझ यांनीं उलट ते भडक होऊं दिले. ड्यूकच्या खोलींत तांबड्या उजेडाचा असा कांहीं खेळ केला आहे कीं तेथें नरक थाटला आहे असें वाटावें. या थाटामाटास कित्येक टीकाकारांनीं दिखाऊपणा म्हटलें. आम्हांस तो कधीं कधीं दिखाऊ वाटला, कंटाळवाणा कधींच वाटला नाहीं.

दोष सांगावयाचे तर मोठा दोष कथानकाच्या गांठीचा आहे. ट्रेसी नांवाची एक वार्ताहर स्त्री सगळीकडे नाक खुपशीत हिंडते आणि शेवटीं भल्या मोठ्या भाषणांत उलगडा करते कीं, मिसेस स्पूल ही नॉर्मनची आई नव्हेच. ती त्याची मावशी. नॉर्मनच्या बापावर तिचें प्रेम होतें, त्यापायीं तिनें त्यास मारलें व बालक नॉर्मनला आपलें मूल समजून पळविलें. दुसऱ्या भागानें केलेला गुंता तिसऱ्यानें भरधांव सोडविण्याचा हा प्रकार. पहिल्या चित्रपटाच्या शेवटच्या मनोवैद्याच्या व्याख्यानासही हेंच दूषण लागतें. परंपरा राखली म्हणावयाची!

त्या आधींच मॉरीनचा शेवट झालेला असतो. जिन्याच्या वरच्या पायरीवर तीं दोघें हात हातांत घेऊन उभीं असतां आईचा संतप्त आवाज घुमतो, नॉर्मन दचकतो, हात सुटतो, आणि ती खालीं कोसळते. जिन्याच्या पायथ्याशीं मदनाचा धातूचा पुतळा आहे. त्याच्या बाणावर ती पडते. रूपक जरा ढोबळ आहे खरें. पण लक्षांत घ्या: तिला नॉर्मन मारीत नाहीं. हात सुटणें एवढाच त्याचा अपराध, आणि तो त्यास कोणत्याहि खुनापेक्षां अधिक झोंबतो. मग म्हातारीच्या वेषांत ट्रेसीवर सुरी उगारून असतांनाच तो थांबतो, वळतो, आणि आईच्या त्या प्रेतावरच वार करीत सुटतो. त्यास पकडून नेतांना फौजदार म्हणतो, आतां तुला बहुधा कधींच सोडणार नाहींत. नॉर्मन उत्तर देतो तें अशा अर्थाचें कीं, पण मी आतां मोकळा होईन. पर्किन्स हें वाक्य नाटकी आवाजांत म्हणत नाहीं. दमलेला माणूस अंथरुणाकडे पाहून बोलतो तसें म्हणतो.

येथें चित्रपट संपता तर बरें झालें असतें. परंतु पोलीसांच्या गाडींत बसलेल्या नॉर्मनच्या कोटांतून प्रेताचा तुटका हात बाहेर निघतो, तो त्यास कुरवाळतो, आणि जुनें हंसूं पुन्हां तोंडावर येतें. चौथ्या भागाची खिडकी किलकिली ठेवल्याशिवाय या धंद्यांत कोणास दार लावतां येत नाहीं.

चित्रपटास टीकाकारांचा आधार थोडाबहुत मिळाला. रॉजर ईबर्टसारख्या वजनदार टीकाकारानें चारांपैकीं तीन तारका दिल्या व दिग्दर्शक पर्किन्सची बाजू घेतली. गल्ल्यावर मात्र निराशा झाली. मिळकत सुमारें १ कोटी ४४ लक्ष डॉलर, म्हणजे दुसऱ्या भागाच्या निम्म्याहूनहि कमी. सुरीच्या वारांची मोजदाद करावयास आलेल्या तरुणांना त्यांत फार बोलणें वाटलें असेल, आणि जे बोलणें ऐकावयास आले असते ते ‘सायको ३’ ही पाटी वाचून चित्रगृहाबाहेरूनच परतले असतील. पर्किन्सनें यानंतर ‘लकी स्टिफ’ (१९८८) हा एकच चित्रपट दिग्दर्शित केला. १९९० सालीं दूरचित्रवाणीसाठीं ‘सायको ४’ निघाला तेव्हां दिग्दर्शनाचें काम मिक गॅरिस या दुसऱ्याच गृहस्थाकडे गेलें. पटकथा मूळ चित्रपटाच्या जोसेफ स्टेफानोची होती. त्यांत नॉर्मन विवाहित आहे, त्याची पत्नी गरोदर आहे, आणि आपल्या रक्तांतला दोष मुलांत उतरेल या भीतीनें तो झुरतो. शेवटीं तो तें टेकडीवरचें घर स्वतःच्या हातानें जाळतो.

१२ सप्टेंबर १९९२ रोजीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, एड्सच्या विकारानें पर्किन्सचा अंत झाला. त्याची पत्नी बेरी बेरेन्सन ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळविलेल्या पहिल्या विमानांत होती. त्यांच्या दोन मुलांपैकीं थोरल्यानें बालपणीं ‘सायको २’ मध्यें लहान नॉर्मनचें क्षणभराचें काम केलें होतें. पुढें तोहि दिग्दर्शक झाला. त्याच्या ‘लाँगलेग्ज’ (२०२४) या भयपटाच्या मुळाशीं आईनें आपल्या अपत्यापासून वर्षानुवर्षें दडवून ठेवलेलें एक घरांतलें सत्य आहे. या मुलाचें नांव आजोबांचेंच ठेवलेलें आहे, ऑझगुड.